चार वर्षांचा मुलगा, गुडघा दुखणारे आजोबा आणि झाडीतल्या वाटा: कुठे जायचं, कधी जायचं, कुठून परतायचं

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: राहायला ठाण्यात, माहेर पुण्यात. मुलगी आठ वर्षांची, मुलगा चार वर्षांचा. सोबत सासरे, वय ६८. सपाटीवर रोज तासभर चालतात, पण पायऱ्या उतरताना गुडघा धरतो. किल्ले नकोत, रिसॉर्ट नको. झाडीतून किंवा नदीकाठाने सगळ्यांना मिळून चालता येईल अशा वाटा हव्यात. पावसाळ्यातच सुरुवात केली तर चालेल का, हेही विचारलंय. आणि नाताळात पुण्याला व तिथून गोव्याला जाणार आहात.

पावसाळ्याचं आधी सांगते. नको. जूनच्या मध्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत सह्याद्री सगळ्यात देखणा असतो, पण चार वर्षांच्या पोराची आणि गुडघा दुखणाऱ्या आजोबांची पहिली वाट घसरडी नसावी. दिवाळी झाली की निघा. तोवर ओढे बसलेले असतात, पायवाटा वाळलेल्या असतात, ऑक्टोबरचा उकाडा ओसरलेला असतो आणि रान अजून हिरवं असतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने तुमचे. सकाळी दहाच्या आत गाडीपाशी परत यायचं पथ्य पाळलंत तर होळीपर्यंतही हरकत नाही.

मी बरीच वर्षं लहान मुलांना त्यांच्या घरच्यांसकट रानात नेते आहे. वाट ठरवताना सगळ्यात आधी मी एवढंच बघते की तिच्यावरून कुठल्याही वळणाला मागे फिरता येतं का. अंतर, चढ, धबधबा, फोटोची जागा हे सगळं नंतर. चार वर्षांचं मूल दमल्याचं आधी सांगत नाही. ते उड्या मारत असतं आणि पुढच्याच मिनिटाला वाटेत बसकण मारतं. अशा वेळी गाडीकडे जायचा रस्ता फक्त पुढेच असेल, तर उरलेली वाट ते कुणाच्या तरी खांद्यावर बसून काढतं. आणि खांद्यावर मूल घेऊन उतरणाऱ्याला स्वतःचे पाय दिसत नाहीत. घरच्यांबरोबरच्या सहलीत कुणी पडलं, मुरगळलं असं मी पाहिलंय ते बहुतेक वेळा परतीच्या शेवटच्या टप्प्यातच.

म्हणून एका टोकाला सुरू होऊन दुसऱ्या टोकाला संपणाऱ्या वाटा सध्या बाजूला ठेवा. ताम्हिणीजवळच्या पिंपरीहून भिऱ्याला उतरणारं अंधारबन तुम्हाला कुणी ना कुणी सुचवेलच. वाट खरोखर गर्द सावलीतून जाते, पण ती तेरा किलोमीटरच्या आसपास आहे, घाटमाथ्यावर सुरू होते आणि कोकणात संपते. एकदा उतरायला लागलात की परतणं म्हणजे तेवढंच चढून येणं. मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की तिला जरूर न्या.

वेळेचा हिशेब कसा करायचा तेही सांगते. विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक आडाखा दिला, तो आज साधारण असा मोजतात: सपाटीवर ताशी ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाईला एक तास जास्तीचा. पण तो धडधाकट मोठ्या माणसाचा आडाखा झाला. चार वर्षांच्या मुलाबरोबर झाडीत ताशी दीड किलोमीटर धरा, चढ असेल तर एक. त्यात मुंगळ्यांची रांग बघणं, खाऊ, शू, बुटाची नाडी, सगळं आलं. पहिली वाट जाऊन-येऊन तीन किलोमीटरच्या आत ठेवा, पुढे फार तर पाच. आणि परत फिरायची वेळ घरूनच ठरवून निघा. एकूण वेळेतला एक भाग जायला आणि दोन भाग यायला. सकाळी साडेसातला चालायला लागलात आणि साडेदहाला गाडीपाशी यायचं असेल, तर साडेआठला जिथे असाल तिथून मागे वळायचं. पुढे अगदी शंभर पावलांवर काही छान असलं तरी. ते पुढच्या वेळेला.

आता जागा. ठाण्याहून माझी पहिली शिफारस माथेरान. माथेरान म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर बाजार, चिक्की आणि घोडे येतात, त्यामुळे पायी फिरणारे तिथे जायला नाक मुरडतात. पण सुमारे ८०० मीटर उंचीवरचं, मोटारी वेशीबाहेर ठेवलेलं आणि एवढी सलग झाडी असलेलं गाव आपल्याकडे विरळाच. गाडी दस्तुरी नाक्याला लावायची. तिथून बाजारापर्यंत अडीच-तीन किलोमीटरची जवळजवळ सपाट, सावलीची वाट आहे. सासऱ्यांचं आणि धाकट्याचं ते अंतर वाचवायला नाक्याजवळच्या अमन लॉज स्टेशनपासून माथेरान स्टेशनपर्यंत छोट्या गाडीची शटल आहे. नेरळ-माथेरानची ही गाडी १९०७ पासूनची. मुलांना गाडीत बसण्याचंच केवढं अप्रूप असतं.

बाजारात फार रेंगाळू नका. शार्लट लेककडे वळलात की गर्दी झपाट्याने विरळ होते. लेक, पिसारनाथाचं देऊळ, लॉर्ड पॉइंट, एको पॉइंट हे सगळं एकमेकांच्या जवळ आहे. मुलं दमली तर एखादा पॉइंट सोडून द्यायचा आणि जवळच्या वाटेने बाजाराकडे वळायचं. मला हवी असलेली वाट ती हीच. वर जांभूळ, अंजनी, हिरड्याची सावली. मार्चात गेलात तर अंजनीकडे नीट बघा. फुलं शेंड्याला नसतात, बारक्या फांद्यांना अंगासरशी चिकटून निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके आलेले असतात.

मुलीला इथे एक काम द्या: शेकराची घरटी शोधायची. शेकरू हा आपला राज्यप्राणी, पण तो दिसण्याआधी त्याचं घर दिसतं. उंच झाडाच्या शेंड्याकडे, बारीक फांद्यांच्या बेचक्यात डहाळ्या आणि पानांचा फुटबॉलपेक्षा मोठा गोळा असतो. एकेक शेकरू अशी अनेक घरटी बांधतं, त्यामुळे एक दिसलं की आसपास आणखी दिसतात. मग उभं राहून ऐकायचं. ते सावध झालं की खडखडाट केल्यासारखं एका दमात ओरडतं, आणि आवाजाच्या दिशेने बघितलं की लांब झुपकेदार शेपूट लोंबताना दिसते. मागच्या पायांनी फांदीला लटकून, उलटं होऊन ते फळ खातं. आठ वर्षांची मुलगी हे बघायला लागली की ‘अजून किती लांब’ हा प्रश्न थांबतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

माथेरानला तीन गोष्टी जपा. सगळ्याच पॉइंटांना कठडे नाहीत, म्हणून कड्यापासून वीस पावलं आधी धाकट्याचा हात मोठ्या माणसाच्या हातात. नुसतं हाक मारून थांबवू असं म्हणू नका. घोड्यांच्या आणि ई-रिक्षांच्या वाटेवर एका कडेने, एकामागे एक चाला. आणि माकडांसमोर खाऊची पिशवी उघडू नका. मूल हातात बिस्किट घेऊन उभं असलं की माकड थेट त्याच्यावरच येतं.

बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान तर तुमच्या घराला लागूनच आहे. ठाण्यात राहून तुम्ही मुलांना तिथे एकदाही नेलेलं नाही, हे वाचून मला चुटपुट लागली. शंभरावर चौरस किलोमीटरचं जंगल, आत तुळशी आणि विहार हे दोन तलाव, आणि कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी. सोमवारी उद्यान बंद असतं. मुख्य दरवाजापासून कान्हेरीपर्यंत डांबरी रस्ता आहे. तो पायी रेटायची गरज नाही, आतल्या वाहनाने जा आणि लेण्यांच्या परिसरात चाला. तिथे मुलांना मूर्तींच्या आधी पाण्याची टाकी दाखवा. भिक्षूंनी कातळात चर खोदून पावसाचं पाणी एकेका लेण्याच्या दाराशी असलेल्या टाक्यात कसं उतरवलंय, तो चर बोटाने माग काढत जायचा. हा खेळ तासभर पुरतो. सासऱ्यांसाठी मात्र कान्हेरीच्या वरच्या पायऱ्या नकोत. खालच्या मोठ्या चैत्याच्या अंगणात ते आरामात बसू शकतात.

त्याच उद्यानात शिलोंडा म्हणून ओढ्याकाठची वाट आहे, ती आधी नोंदणी करून उद्यानाच्या मार्गदर्शकासोबतच करायची. मुलीसाठी उत्तम; धाकटा सहा वर्षांचा झाला की त्यालाही न्या. कारवी या झुडपाबद्दल कुणी सांगेल. ती आठ वर्षांनी एकदा फुलते. तिथे २०१६ ला फुलली होती, नंतर २०२४ ला. म्हणजे पुढच्या बहराला तुमची मुलं चांगली मोठी झालेली असतील.

या जंगलात बिबटे आहेत. घाबरून घरी बसायचं कारण नाही, पण शिस्त हवी. उजेड असताना आत, उजेड असतानाच बाहेर. पुढे एक मोठं माणूस, मागे एक, मुलं मध्ये. पुढे पळायची शर्यत लावायची नाही. आणि मुलाला शूला बसवताना त्याला एकट्याला झुडपामागे पाठवायचं नाही. तुम्ही शेजारी उभे राहा. खाली वाकलेलं, बसलेलं लहान मूल प्राण्याला माणसासारखं दिसत नाही.

कर्नाळा तुम्ही स्वतःच सुचवलंत. पनवेलच्या पुढे, मुंबई-गोवा महामार्गालगत पक्षी अभयारण्य आहे. लोक तिथे जातात ते किल्ल्याच्या सुळक्यासाठी. तुम्ही किल्ल्याकडे बघूही नका: चढ खडा आहे, आणि सुळक्याला आग्या माश्यांची पोळी असतात. खाली दोन निसर्गवाटा आहेत, हरियाल आणि मोरटाका. हरियाल छोटी, सोपी, तुमच्यासाठी हीच. मोरटाका लांब आहे. हरियाल हा आपला राज्यपक्षी, हिरवं-पिवळं कबूतर. वड-पिंपळ-उंबराला फळं आली की थव्याने येतो आणि पानांत असा मिसळून जातो की फांदी हलते तेवढीच कळते. सकाळी सातला पोचलात तर पक्षी. नऊनंतर महामार्गाचा आणि सहलींचा आवाज. दुर्बीण एकच असली तरी चालेल, पण ती मुलीच्या गळ्यात असू दे.

मुरूडकडे कधी गेलात तर फणसाड. जंजिऱ्याच्या नवाबाचं जुनं शिकारीचं रान, आता अभयारण्य. सुपेगावच्या बाजूने आत जायचं. गारंबीचे अजस्र वेल झाडाझाडांवरून गेलेले आहेत, आणि त्यांची हातभर लांब शेंग खाली पडलेली सापडली की मुलांचा दिवस सार्थकी लागतो. बघा आणि तिथेच ठेवा. अभयारण्यातून काहीही आणायचं नसतं.

आणि अगदी पहिल्या चाचणीसाठी, लांब न जाता: सायन-माहीमच्या मध्ये मिठीकाठी असलेलं महाराष्ट्र निसर्ग उद्यान. ३७ एकरांचं हे रान पूर्वीच्या कचरा टाकायच्या जागेवर उभं केलंय. सपाट पायवाटा, दाट सावली. इथे धाकटा सलग किती चालतो ते मोजा. ताशी दीड किलोमीटर हा माझा आकडा आहे, तुमच्या मुलाचा कदाचित वेगळा असेल. पुढच्या सगळ्या वाटांचा हिशेब त्यावर करा.

पुण्यात माहेरी असाल तेव्हा टेकड्या. वेताळ टेकडीला एआरएआय या वाहनसंशोधन संस्थेच्या बाजूने वर गेलात तर चढ सौम्य आहे, वर पठारासारखी सपाटी, जुनी दगडाची खाण, तिच्यात साठलेलं पाणी आणि पहाटे मोरांचे आवाज. सासऱ्यांना ही आवडेल, कारण त्यांच्या वयाची निम्मी मंडळी तिथे रोज भेटतात. झाडी बरीचशी लावलेल्या गिरिपुष्पाची आहे, तेव्हा जुन्या जंगलाची अपेक्षा ठेवून जाऊ नका. पाचगाव-पर्वती, तळजईचं वनही तसंच सोपं. या टेकड्यांवर मोठा धोका कोरड्या मुरमाचा. वाळलेल्या मुरमावर पाय गोट्यांवर पडल्यासारखा सटकतो. टाच न रोवता पूर्ण तळवा टेकवायचा, पावलं छोटी टाकायची. तळ झिजलेले बूट असतील तर आधी बदला. महागडे ट्रेकिंगचे बूट लागत नाहीत, चांगली पकड असलेले साधे कॅनव्हासचे पुरतात.

भीमाशंकरबद्दल विचारलंत. देवळापासून गुप्त भीमाशंकराकडे जाणारी वाट छोटी आहे, भीमेच्या ओढ्याच्या सोबतीने दाट रानातून जाते, शेकरं भरपूर. पण देवळाकडे जायलाच पायऱ्यांची मोठी रांग आहे आणि सुट्टीच्या दिवशी गर्दी अशी की जंगल कुठे आहे ते शोधावं लागतं. सासऱ्यांना घेऊन नको. तुम्ही आणि मुलगी, मधल्या वारी, हिवाळ्यात, असं जा.

नदीकाठासाठी मी तुम्हाला निघोजला पाठवीन. पुण्याहून शिरूरमार्गे दोन-अडीच तास, पारनेर तालुक्यात, कुकडी नदीवर. देऊळ मळगंगेचं. तिथे नदीने काळ्या कातळात रांजणखळगे कोरलेत: काही तांब्याएवढे, काही माणूस उभा मावेल एवढे. पुराच्या वेळी पाणी भोवऱ्यासारखं फिरतं, त्यात अडकलेले गोटे गरागरा फिरत तळ आणि भिंती घासत राहतात, आणि हजारो वर्षांत खळगा रुंद आणि खोल होत जातो. मुलीला एखाद्या कोरड्या, उथळ खळग्यात हात घालायला सांगा (आधी आत विंचू-साप नाही ना ते तुम्ही बघा). तळाशी अंड्यासारखे गुळगुळीत गोटे सापडतील. तो खळगा कोरणारी हत्यारं तीच. हे कळलं की तिच्या चेहऱ्यावर जो उजेड पडतो त्यासाठी अडीच तासांचा प्रवास सहज करावा. वरून बघायला झुलता पूल आहे, सासऱ्यांना तिथून सगळं दिसतं. पाण्याने भरलेल्या खळग्यांपासून मात्र मुलांना लांब ठेवा: कडा गुळगुळीत, आत धरायला काही नाही, आणि खोली वरून कळत नाही. शिरूर-जुन्नरच्या पट्ट्यात उसात बिबट्यांचा वावर आहे, तेव्हा भर दुपारच्या आत आटपा आणि उसाच्या कडेला मुलांना मोकळं सोडू नका.

पाण्याविषयी थोडं सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडे घरच्यांसोबत गेलेल्यांचे जीव गेलेत ते जास्त करून पाण्याने. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातले पाचजण वाहून गेले, त्यात लहान मुलं होती. ते सगळे प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना धरून उभे होते. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दी असताना कोसळला आणि चारजण गेले. या दोन्ही ठिकाणी लोक सुट्टीचा दिवस मजेत घालवायलाच आले होते.

सह्याद्रीतला ओढा इतक्या झटकन का चढतो ते समजून घ्या. खाली बेसॉल्टचा कातळ, वर मातीचा पातळ थर, आणि उतार तीव्र. मुरण्याआधीच पाणी धावतं. तुम्ही उभे आहात तिथे ऊन असलं तरी वरच्या डोंगरावर पडलेली सर काही मिनिटांत तुमच्यापर्यंत येते. येण्याआधी खुणा दिसतात. स्वच्छ पाणी अचानक गढूळ होतं. पाला, काड्या, फेस वाहत येऊ लागतो. खळखळाट जाऊन घोंघावल्यासारखा जाड आवाज येतो. यातलं एकही दिसलं की सामान सोडून काठावर, आणि काठावरूनही वर. वाहत्या पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो: वेग दुप्पट झाला की रेटा चौपट. मोठ्या माणसाच्या गुडघ्याला लागणारं वेगाचं पाणी त्याला पाडतं, आणि चार वर्षांच्या मुलाला पाडायला घोट्याच्या वरचं पुरे. हातात हात घालून साखळी केल्याने जोर वाढत नाही. एकाचा पाय सुटला की सगळे जातात.

आणि धोका पावसाळ्यापुरता नाही. धरणांच्या आणि वीजकेंद्रांच्या खालच्या नद्यांत भर उन्हाळ्यातही पाणी सोडलं जातं. कोलाडजवळच्या कुंडलिकेत राफ्टिंग चालतं ते अशा सोडलेल्या पाण्यावरच. तेव्हा नदीपात्रातल्या बेटावर, मधल्या खडकावर चटई टाकून बसायचं नाही, नदी कितीही शांत दिसली तरी. गावात एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा: पाणी कधी येतं, कुठपर्यंत येतं. ते जागा बोटाने दाखवतात.

पावसाळ्यात बरेच धबधबे आणि धरणपरिसर जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने बंद असतात. निघण्याआधी आदल्या दिवशी जिल्हा प्रशासनाची सूचना बघायची. बंद म्हणजे बंद. मागच्या वाटेने नेतो म्हणणारा कुणी तिथे हमखास भेटतो. मुलांना घेऊन त्याच्यामागे जाऊ नका.

गोव्याला डिसेंबरात जाल तेव्हा एक सकाळ चोडणला द्या. रायबंदरहून फेरीबोटीने मांडवी ओलांडायची, पलीकडे डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, सगळं खारफुटीचं. वाट सपाट, छोटी. चिखलातून वर आलेली श्वासमुळं, त्यांच्यात पळणारे खेकडे आणि पाण्याबाहेर उड्या मारणारे निवटे हे धाकट्यासाठी पक्ष्यांपेक्षा भारी. भरती-ओहोटीची वेळ बघून जा, ओहोटीला चिखल उघडा असतो तेव्हा जास्त दिसतं. अंगाला डास लागू नयेत म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे.

आता अंगावरचं आणि पाठीवरचं. नोव्हेंबर ते मार्च आपल्या रानवाटांवर मला मुलांसाठी सापापेक्षा जास्त काळजी वाटते ती खाजकुइलीची. वेल झुडपांवर चढलेला असतो, आणि त्याला बोटाएवढ्या, किंचित वाकड्या, सोनेरी-तपकिरी शेंगा झुबक्याने लोंबतात. मऊ मखमल दिसते, म्हणून मुलं हात लावतात. ती कुसं कातडीत घुसली की मूल अक्षरशः नाचतं. अशा वेळी चोळू नका आणि मुलाला चोळू देऊ नका, त्याने ती आणखी पसरतात. रुंद चिकटपट्टी हलक्या हाताने लावून उचलायची, दोन-तीनदा, दरवेळी नवा तुकडा. मग भरपूर पाण्याने आणि साबणाने धुवायचं, कपडे बदलायचे. डोळ्यात गेली तर फक्त पाण्याने धूत राहा आणि थेट डॉक्टर. म्हणून माझ्या पिशवीत चिकटपट्टीचं रीळ कायम असतं, आणि मुलांना पहिल्याच वाटेवर ही शेंग लांबून दाखवून ओळख करून देते.

आग्या मोहोळ दिसलं तर आवाज कमी, अत्तर-सेंट नको, आसपास विडी-शेकोटी तर अजिबात नको. माश्या उठल्याच तर मुलाचं तोंड-डोकं कपड्याने झाकून, उचलून, झाडीतून लांब पळायचं. हात झाडत उभं राहायचं नाही. सापाचं एवढंच: दगडाच्या फटीत, पालापाचोळ्यात न बघता हात-पाय घालायचा नाही. चावलाच तर मुलाला झोपवा, तो अवयव हलू देऊ नका, कापू नका, दोरी आवळून बांधू नका, मांत्रिकाकडे नेऊ नका. १०८ ला फोन आणि प्रतिसर्पविष मिळेल अशा सरकारी रुग्णालयाकडे. त्याचा पत्ता निघण्याआधीच शोधून ठेवा.

पाणी माणशी दीड लिटर, मुलांसाठी वेगळी बाटली त्यांच्याच पाठीवर. स्वतःचं पाणी स्वतः वाहण्याचा त्यांना अभिमान वाटतो. मीठ-साखर-लिंबाचं पाणी एका बाटलीत. खायला गुळपोळी, दशम्या, शेंगदाण्याची चिक्की, संत्री. वेफर्सची पाकिटं नकोत: तहान वाढते आणि कचरा होतो. प्रत्येक मुलाच्या गळ्यात शिट्टी, आणि एकच नियम: आई-बाबा दिसेनासे झाले की जिथे आहात तिथेच झाडाला मिठी मारून उभं राहायचं आणि शिट्टी तीनदा वाजवायची. घरच्या अंगणात दोनदा हा खेळ खेळून घ्या.

सासऱ्यांना काठी एक नको, दोन द्या. गुडघ्यावर भार येतो तो उतरताना, आणि दोन काठ्या टेकल्या की त्यातला बराच हातांवर जातो. उतरताना काठी चढतानापेक्षा थोडी लांब धरायची, आधी काठ्या पुढे टेकायच्या आणि मग पाऊल. उंच पायरी असेल तर आडवं होऊन, दुखरा पाय आधी खाली. आणि त्यांना सगळ्यांच्या मागे ठेवू नका. सगळ्यात पुढे त्यांना चालू द्या, वेग त्यांचा. चार वर्षांच्या मुलाचा वेग जवळपास तोच असतो, आणि आजोबा-नातू पुढे गेले की मागे तुम्हा दोघांना थोडं बोलायलाही मिळतं.

तर क्रम असा लावा: दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी निसर्ग उद्यान, नोव्हेंबरअखेर एका मधल्या वारी माथेरान, नाताळात पुण्याला असाल तेव्हा वेताळ टेकडी आणि एक दिवस निघोज, तिथून गोव्याला गेलात की चोडण. माथेरानहून आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी सासऱ्यांचा गुडघा कसा आहे आणि धाकटा सलग किती चालला, एवढं कळवा. त्यावरून जानेवारीत कर्नाळ्याला हरियालवरच थांबायचं की मुलीला घेऊन मोरटाकाही करायची, ते ठरवू.